पडद्याआडचे फासे

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, फासे टाकून टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळांवरच्या एका लेखात म्हटलंय की डीएमचा (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा) शब्द अंतिम, नियम म्हणजे नुसता सल्ला. अर्धंच पटलं. नियमात नसलेला प्रसंग आला की कुणीतरी निवाडा करायलाच हवा, नाहीतर खेळ अडून बसतो. ही कल्पना १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याही कितीतरी आधीची. प्रशियन सैन्याच्या युद्धखेळात १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने किचकट नियम बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भिस्त ठेवली होती.

पण ठरलेला नियम ऐनवेळी फिरवणं वेगळं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र म्हणजे २० फूट त्रिज्या आणि सहा बाजूंच्या आठ फाशांचं नुकसान. त्या भरवशावर खेळाडू हा मंत्र निवडतो, समोरचे चारही गॉब्लिन (छोटे राक्षस) एका जागी येईपर्यंत दम धरतो. आणि डीएम म्हणणार 'दोघांनाच लागला', का तर त्याला लढाई लांबवायची आहे! मग त्या पोराने डोकं लावलं ते कशासाठी? डीएमने पडद्याआड टाकलेल्या फाशांचा आकडा गुपचूप बदलणं तर मला अजिबात मान्य नाही. अपोकॅलिप्स वर्ल्ड या दुसऱ्या भूमिका-खेळात खेळ चालवणाऱ्याने कधी काय करायचं हेही नियमांत लिहिलंय, तरी त्याच्या कल्पकतेला भरपूर वाव राहतोच. घरचे, म्हणजे आपणच ठरवलेले नियम लावायचे तर पहिल्या सत्राआधी सगळ्यांना सांगा, आणि मध्येच बदलावासा वाटला तर टेबलावर विचारा.