गुंड्याचं डाएट

गुंड्याचा बाप पॉमेरेनियन आणि आई डॅशहुंड. बापाकडून त्यानं केस आणि तोंडाळपणा घेतला, आईकडून लांबलचक पाठ आणि हट्ट. उंची मात्र कुणाकडूनच घ्यायची राहून गेली. मुधोळ बेळगावपासून फार लांब नाही. त्यामुळे आपण तिथल्या शिकारी हाउंडांच्या भाऊबंदकीतले, असा त्याचा पक्का समज आहे. रस्त्यात म्हैस दिसली की तो अंगावर धावून भुंकतो. म्हशीनं वळून पाहिलं की तेच भुंकणं माझ्या पायांमागून चालू ठेवतो.

डॅशहुंडाच्या लांब पाठीला मणक्यातल्या चकत्यांचा धोका. वजन वाढलं, सोफ्यावरून उड्या मारल्या आणि चकती सरकली, तर मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून डॉक्टरांनी जिना बंद केला, सोफा बंद केला आणि साडेअकरा किलोंचा हा ऐवज नऊवर आणायला सांगितला. "बरगड्या दिसायला नकोत, पण हाताला लागायला हव्यात." मी हात फिरवला. हाताला गादी लागली.

आता अडचण अशी, की आम्ही राहतो बेळगावच्या शहापुरात. 1956 पासून या भागात मराठी आणि कन्नड माणसांचं एकमत व्हायचं राहिलंय, पण गुंड्याला खायला घालायच्या बाबतीत सगळी गल्ली एक आहे. कोपऱ्यावरच्या काकू तुपाची चपाती घेऊन तयार असतात. "काकू, नको हो, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतंय रे? मुकं जनावर ते. बारका तुकडा तर हाय!"

पुढच्या घरातले अज्जा इडली पुढे करतात. मी नको म्हटलं, की "इर्ली बिडरी", म्हणजे असू दे हो, म्हणून ती गुंड्याच्या तोंडात. गुंड्या दोन्ही घरांसमोर सारख्याच उपाशी चेहऱ्यानं बसतो. तो चेहरा बघून मलाच आपण घरी त्याला काही देत नाही की काय अशी शंका येते.

घरात आई. कांदा, लसूण, बेदाणे, चॉकलेट हे सगळं कुत्र्याला विष, कांद्यानं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे मी तिला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. रविवारी रश्श्यातलं मटण नळाखाली धरून त्याच्या ताटलीत ठेवलं. वर मलाच, "धुऊन दिलंय की!"

पावसाळ्यात फिरणंही बंद. बेळगावचा पाऊस एकदा लागला की आठवडाभर हलत नाही. त्यात याचे केस दुहेरी, वरून कोरडे वाटले तरी आत ओलेच. मग घरभर तो वास, आणि कानामागे गोचीड शोधत बसलेला मी.

शेवटी मी गल्लीत कडक धोरण स्वीकारलं: गुंड्याला काही द्यायचं नाही. पण काढलेलं अन्न परत नेणं इथल्या कुणालाच जमत नाही. "मग तू तरी खा," काकू म्हणाल्या. अज्जांनी इडलीबरोबर चटणीही दिली. एकांनी तर कुंदा या इथल्या मिठाईचा डबाच उघडला.

महिन्यानं वजन. गुंड्या काट्यावर एकटा थांबत नाही, म्हणून त्याला उचलून मी उभा राहायचं, मग माझं वजन वजा करायचं. कंपाउंडरनं काटा पाहिला, मागचा कागद पाहिला आणि भरल्या दवाखान्यात मोठ्यानं सांगितलं, "दोघांचं मिळून हाय तेवढंच हाय सर. पण कुत्रं दीड किलो उतरलंय बघा!"