दुतोंड्या मारुती आणि आमची फियाट

नाशिककर पूर क्युसेकमध्ये मोजत नाही. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, ते बातम्यांपुरतं. आम्ही एकमेकांना एकच विचारतो, "मारुतीला कुठवर आलं?" रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची मोजपट्टी. गुडघ्याला आलं की बघायला जायचं. कमरेला आलं की दुकानातला माल वरच्या फळीवर. गळ्याला आलं की पुण्याच्या नातेवाइकांचे फोन.

बाबांच्या फियाटचा खर्च मी गेले पाच महिने याच पट्टीने मोजतोय.

फियाट म्हणजे कागदावर प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, १९७८ सालची. म्हणजे माझ्याच वयाची, आणि आमच्या दोघांच्या तक्रारीही साधारण सारख्याच: सकाळी लवकर सुरू होत नाही, चढाला धाप लागते. १९७४ मध्ये कंपनीने या गाडीला चितोडच्या राणीचं नाव दिलं, पण तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो विमा एजंट होता.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नोटा छापतात ती प्रेस. दिवसभर कोऱ्या नोटांच्या थप्प्यांत वावरणारा हा माणूस संध्याकाळी आईकडे पेट्रोलला सुटे मागायचा. नवीन गाडीची ऐपत नव्हतीच. १९८६ साली मुंबईच्या एका गृहस्थांचा मारुती ८०० साठी नंबर लागला आणि त्यांनी फियाट काढली, ती बाबांनी घेतली. तेव्हा आमच्या दारात फियाट आली तीही मारुतीच्याच कृपेने.

तिचे लाड मी पाहिलेत. मे महिन्यात मुंबईहून येताना कसारा घाट लागला की ती हमखास बसायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून, इंजिन तापलं की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्बोरेटरपर्यंत काही पोचायचंच नाही. मग बाबा बॉनेट उघडायचे, आई पिशवीतून पंचा काढायची, तो माठातल्या पाण्यात भिजवून पंपावर ठेवायचा आणि आम्ही तिघं भावंडं कठड्यावर बसून दशम्या खायचो. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं ते दृश्य. मला गोवर आला तेव्हा तोच पंचा माझ्या कपाळावर होता. पेट्रोलचा वास येत होता.

२००८ च्या सप्टेंबरातल्या पुरात पाणी आमच्या पंचवटीतल्या गल्लीत शिरलं आणि फियाटच्या गादीला लागलं. त्यानंतर ती चालली नाही. बाबांनी ते मान्य केलं नाही एवढंच. दर रविवारी तिला पुसायचे. दसऱ्याला झेंडूचा हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचे आणि मग स्कूटरला किक मारून सोनं वाटायला निघायचे.

मागच्या वर्षी बाबा गेले आणि पत्र्याच्या शेडसकट गाडी माझ्याकडे आली. बायको महिनाभर काही बोलली नाही. मग एक दिवस चहा देताना म्हणाली, "अहो, पावसाळ्याच्या आत त्या गाडीचं काय ते ठरवा. उंदीर आता घरात यायला लागलेत." तारीख दिली नाही, पण आमच्याकडे पावसाळा म्हणजे तारीखच.

मी भद्रकालीतल्या एका जुन्या मिस्त्रींना घेऊन आलो. सत्तरीचे गृहस्थ, कानावर विडी, खिशात कंगवा. त्यांनी बॉनेट उघडलं आणि "हं" म्हणाले. मग डिकी उघडून पुन्हा "हं" केलं. मिस्त्रीच्या एका "हं"ची किंमत पाच हजार धरावी, हा माझा अनुभव. खाली वाकून जो लांबलचक "हंऽऽ" काढला, तो किमान पंधराचा असावा. तरी पहिला अंदाज ऐंशी हजार आला. मारुतीचे घोटे भिजले. मला वाटलं, एवढं झेपेल.

मग त्यांनी क्लचखालची मॅट उचलली. मॅटबरोबर पत्र्याचा पोपडाही उचलला गेला. तळहाताएवढं भोक. भोकातून शेडची जमीन, जमिनीवर मुंग्यांची रांग, आणि त्या भोकाच्या कडेला, गंजाच्या तांबड्या भुग्यात मूळ धरून, दोन पानांचं एक तकतकीत रोप. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर घेतला. "भाऊ, हा पिंपळ आहे."

एवढ्यात आई बाहेर आली. तिने वाकून पाहिलं आणि निकाल दिला. "पिंपळ उपटायचा नाही. मुंजा असतो."

"अहो काकू, एवढ्याशा रोपात कुठला मुंजा?"

"लहान असेल," आई म्हणाली.

मुंजा बसलाय तोवर फ्लोअरचं वेल्डिंग होणार नाही, असं मिस्त्रींनी सांगितलं. शेवटी गुरुजींना विचारून, दूधपाणी घालून, पिंपळ मातीच्या गोळ्यासकट काढून गोदाकाठी लावला. दक्षिणा पाचशे एक. पहिल्या दोन महिन्यांत त्या गाडीचं धडपणे पूर्ण झालेलं काम हे एवढंच.

इंजिन जाम होतं. मिस्त्रींनी चारही प्लग काढून भोकांतून डिझेल ओतलं आणि म्हणाले, "पंधरा दिवस मुरू द्या." लोणचं घातल्यासारखे निघून गेले. बरणी हलवावी तशी मी रोज फॅन पकडून जरा हलवून बघायचो. सोळाव्या दिवशी पिस्टन सुटले, पण सुटले तेही बिल घेऊनच. बोअरिंग, रिंगा, क्लच प्लेट, सगळं वायरिंग, ब्रेकचा मास्टर, गिअरचे बुश. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. मिस्त्रींनी तो हलवला तर फोडणी ढवळावी तसा गोल गोल फिरला. "यात चारही गिअर आहेत," ते म्हणाले, "फक्त कुठला कुठे आहे ते त्याचं तोच ठरवणार." नवा अंदाज, एक लाख साठ. मारुती कमरेपर्यंत बुडाला.

त्यात सुट्या भागांचा घोळ. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्स्या होत्या तोवर पद्मिनीचे भाग कुठल्याही कोपऱ्यावर मिळत. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली होती २००३ साली. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्याला जो भाग परवडायचा तो आता हौशी माणसाला विकला जातो, आणि हौशी माणसाला काय लावायचं ते लावता येतं. पुढच्या दाराच्या त्या तिकोनी काचेच्या रबरासाठी एकाने फोनवर मला जो भाव सांगितला, तो ऐकून मी नम्रपणे विचारलं, "काचेसकट ना?" तो म्हणाला, "काचेचं विचारूच नका."

रंगाचा हिशेब वेगळाच. पेंटर म्हणाला, पत्रा कमी आणि लांबीच (म्हणजे पुट्टी) जास्त आहे. आधीच्या मालकाने कुठे कुठे लांबी भरून वरून रंग मारलाय ते ठोकून ठोकून दाखवलं. जिथे टणटण वाजलं तिथे गाडी, जिथे भदभद वाजलं तिथे लांबी. बराच वेळ भदभदच वाजत होतं. एकूण अंदाज आता दोन लाख नव्वद. गळा.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती कबूल करतो. मारुती नदीत एकटा उभा होता, पण दुतोंड्या मी झालो होतो. बायकोशी बोलताना मी म्हणायचो, "काढूनच टाकू, काय ठेवलंय त्यात." जिना उतरून खाली आईपाशी आलो की म्हणायचो, "बाबांची गाडी अशी थोडीच टाकवते?" आणि दोन्ही वेळा मनापासून बोलायचो, हे त्यातलं वाईट.

पुण्याच्या दादाला फोन केला. तो गहिवरला. "बाबांची शेवटची खूण रे ती. काही झालं तरी विकू नकोस."

"मग तू ने."

"आमच्या सोसायटीत पार्किंगचा प्रॉब्लेम आहे."

ठाण्याच्या ताईने तर रडून घेतलं. खर्चाचा विषय काढल्यावर म्हणाली, "अरे, पैशाचं काय घेऊन बसलास?" तेच तर घेऊन बसलो होतो. घराच्या ग्रुपवर दोघांनी फियाटचे जुने फोटो टाकले, हृदयं टाकली, आणि खर्चाचा कागद मी टाकला तेव्हा दोघंही ऑफलाइन गेले.

मग कागदपत्रं. आरसी बुक बाबांच्या नावावर. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, हे मला तेराव्या महिन्यात कळलं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आमचं नूतनीकरण पुरानंतर झालेलंच नव्हतं. ते करायचं तर गाडी तपासणीला न्यायची. न्यायची तर रस्त्यावर आणायची, आणि नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणायची नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. "टोचन करून न्यायची साहेब," ओळखीच्या एजंटाने सांगितलं, आणि मला दुसरा मार्ग दाखवला. व्हिंटेज!

केंद्राने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केलेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, धंद्याला न लावलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. मी खूश. मग हिशेब केला. १९७८ अधिक पन्नास, २०२८. म्हणजे आमची गाडी भंगारात काढण्याइतकी म्हातारी आणि मान मिळण्याइतकी म्हातारी नाही. पुन्हा माझ्यासारखीच. आधी २०२७ चा सिंहस्थ उरकणार, साधू शाही स्नान करून जाणार, मग आमच्या फियाटला प्रतिष्ठा येणार.

बरं, व्हिंटेज झाल्यावर ती रोज चालवायचीही नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. भाजी आणायला नाही. मी उदास होऊन मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी विडी पेटवली. "दुरुस्तीला चालते ना? मग झालं तर. फियाट आहे भाऊ, रोज दुरुस्तीलाच जाणार."

मित्राने तोडगा काढला, आत जुन्या मारुती ८०० चं इंजिन बसव. बरेच जण बसवतात, गाडी पळते. पण मग मूळ रूप गेलं, म्हणजे २०२८ ची आशाही गेली. आणि खरं सांगू का, ज्या मारुतीमुळे ती त्या मुंबईकराच्या घरातून निघाली, तोच तिच्या पोटात घालायचा? हे काही मला बरं वाटेना.

शेवटी भंगारवाले शेठ आले. त्यांनी "हं" वगैरे काही केलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि मोबाईलवर गुणाकार केला. "नऊशे किलोच्या आसपास भरेल. अठ्ठावीसचा भाव. गाद्या, काच, रबर वजा. गंज वजा." गंज वजा केल्यावर काय उरतं ते मी पेंटरकडून ऐकलेलं होतं. शेठनी अठरा हजार सांगितले आणि सहज डाव्या दाराला हात घातला. ते दार वर उचलल्याशिवाय उघडत नाही. मी नकळत पुढे होऊन ते दोन बोटांनी उचललं आणि ओढलं, बाबा उचलायचे तसं. "सांगतो तुम्हाला," म्हणालो.

मिस्त्रींनी तोवर एक काम केलं होतं. गाडी गॅरेजला ओढून न्यावी लागेल म्हणून जाम झालेले ब्रेक सोडवले आणि चार जुने टायर चढवले. मी मात्र "सांगतो" म्हणत राहिलो. दरम्यान साडेअठराशे रुपयांचं एक निळं कव्हर घेतलं. बायकोने कव्हरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घरात गेली.

आणि पावसाळा आला. धरणातून विसर्ग वाढला. दुपारी मारुती कमरेला, चारला छातीला. पालिकेची गाडी भोंग्यावरून ओरडत गेली. गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसायला लागलं तेव्हा मी शेडपाशी उभा होतो आणि, खोटं कशाला बोलू, एका तोंडाने विचार करत होतो की आता गोदामाईच काय ते ठरवेल.

"अहो, बघत काय उभे राहिलात? धक्का मारा!"

बायको कव्हर ओढून काढत होती. तिने साडीचा पदर खोचला, दार उचलून उघडलं (तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे) आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. समोरचे काका, दूधवाल्याचा मुलगा, वरच्या मजल्यावरचे दोघे भाडेकरू असे आठ जण जमलो. यातल्या पाच जणांनी मला वेगवेगळ्या वेळी ती भंगारात देण्याचा सल्ला दिलेला. गल्ली चढाची. पाऊस असा की पुढचं दिसेना. फियाट वीत वीत चढत होती, आतून कुठूनतरी उंदीर उड्या मारून बाहेर पडत होते आणि काचेतून बायको ओरडत होती, "डावीकडे खांब आहे! सांभाळा हो, रंग जाईल!"

वरच्या वळणावर एका घराच्या ओट्याला लावून आम्ही चाकाखाली विटा दिल्या. आईने छत्रीतून येऊन बॉनेटवर हात ठेवला आणि "तापली नाही ना?" असं विचारलं.

रात्री मिस्त्रींचा फोन आला. त्यांच्या दुकानातही पाणी होतं, मागे बादल्यांचा आवाज येत होता. तरी त्यांना आमचीच काळजी. "मग भाऊ, काय ठरलं गाडीचं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती निळं कव्हर पंख्याखाली वाळत घालत होती.

"पाणी उतरू द्या," मी म्हणालो. "सांगतो."