तिजोरीसाठी गांजा? कोलोरॅडोतून एक मत

औषधी आणि औद्योगिक वापरासाठी भांगेची नियंत्रित शेती करावी, असं सांगणारा अहवाल हिमाचल विधानसभेने 2024 मध्ये स्वीकारला. तेव्हापासून ‘सरळ गांजाच कायदेशीर करा, अमेरिकेसारखा कर लावा, तिजोरी भरेल’ हा युक्तिवाद मराठी चर्चांतही ऐकू येतो. मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात राहते. इथला अर्धाच हिशेब तिकडे पोचतो.

इथे 1 जानेवारी 2014 ला गांजाची दुकानं उघडली. शेतातून माल निघताना घाऊक भावावर 15 टक्के कर, ग्राहकाकडून आणखी 15 टक्के, शहराचा वेगळा. दारातच वयाचा पुरावा बघतात. पैसे बहुधा रोखच लागतात, कारण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार गांजा बेकायदा असल्याच्या धास्तीने मोठ्या बँका या धंद्यापासून लांब राहिल्या. शाळांच्या इमारतींना या करातून खरोखर पैसा मिळाला, हे मान्यच करायला हवं.

पण 2021 मध्ये साधारण 42 कोटी डॉलरवर गेलेला महसूल 2023 मध्ये 30 कोटींच्याही खाली आला. पीक उदंड झालं, घाऊक भाव निम्म्याहून अधिक कोसळले, आणि एक कर तर त्या भावावरच बांधलेला! त्यात 2022 मध्ये शेजारच्या न्यू मेक्सिकोने दुकानं उघडली. टेक्सासचं गिऱ्हाईक तिकडे वळलं.

मग कर वाढवावा? कॅलिफोर्नियाने 2025 च्या जुलैत 15 चे 19 टक्के केले आणि ऑक्टोबरात परत 15 वर आणले. महाग झालं की गिऱ्हाईक चोरट्या बाजारात जातं. अमेरिकेच्या केंद्रीय आयकर कायद्यातल्या 280ई कलमाने तर दुकानाचं भाडं, पगार हा खर्चच वर्षानुवर्षं उत्पन्नातून वजा करू दिला नाही. परवानाधारक तोट्यातही आयकर भरायचा, चोरून विकणारा मोकळा.

मला खरी भीती सरकारला लागणाऱ्या या पैशाच्या सवयीची वाटते. चंद्रपूरची 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये उठली, तेव्हा बुडालेल्या महसुलाचा मुद्दा होताच.

गांजा कायदेशीर करूच नका, असं मी म्हणत नाही. भारताच्या अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याखाली किलोच्या आत गांजा सापडला तरी वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. पानांची भांग मात्र त्याच कायद्याबाहेर. खिशात पुडी सापडलेल्या पोराला कोठडीत टाकायचं का, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी आधी ठरवावं, आणि ते ठरवताना महसुलाचे अंदाज समोर ठेवू नयेत.