जाड पॅडल म्हणजे जास्त ताकद? नाही, बहुधा उलटच

पिकलबॉलच्या (पॅडल आणि छिद्रांच्या प्लॅस्टिक चेंडूने जाळीवरून खेळायचा खेळ) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सल्ला फिरतोय: "16 मिमीचं कार्बन पॅडल घ्या, फटका जोरात बसतो." यातली जाडीची गोष्ट उलटी आहे आणि कार्बनची अर्धवट.

16 मिमी हा आतल्या गाभ्याचा आकडा. बहुतेक पॅडलमध्ये हा गाभा पॉलिप्रॉपिलीनच्या षटकोनी पोकळ्यांचा असतो. तो जाड असला की चेंडूचा धक्का जिरवतो; डिंक (जाळीजवळून मारलेला हलका फटका) आणि थर्ड शॉट ड्रॉप (सर्व्हिस करणाऱ्या बाजूचा, रॅलीतला तिसरा, हळुवार फटका) किचनमध्ये, म्हणजे जाळीलगतच्या पट्ट्यात, अलगद पडतात. 13-14 मिमीवरून चेंडू पटकन सुटतो, आणि मूठ घट्ट आवळून ब्लॉक केलात तर हमखास वर उडतो. अर्थात ही तुलना बांधणी सारखी असेल तरच. कडेला फोम भरून उष्णता-दाबाने साच्यात घडवलेलं 16 मिमीचं पॅडल साध्या 14 मिमीपेक्षा जोरकस निघू शकतं.

कार्बन असतो तो वरच्या थरात. रॉ (रंगलेप नसलेल्या) कार्बनचा खरखरीतपणा फिरकीसाठी असतो, आणि तो झिजतो. निव्वळ जोर सहसा फायबरग्लासमध्ये जास्त.

जुनं पॅडल अचानक जोरात मारायला लागलं तर खूश होऊ नका. गाभा चेपला असेल किंवा वरचा थर सुटला असेल. बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करा. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर संशय घ्या. असं पॅडल स्पर्धेत बाद होतं.

कडेला चेंडू लागताच पॅडल हातात वळत असेल, तर नवं घेण्याआधी दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी, 3-3 ग्रॅमची वजनपट्टी चिकटवून बघा.