टाक्यातलं शेकरू

गोधडीचा विषय निघाला की महाराष्ट्रात वाद ठरलेल्या दोन प्रश्नांवर येतो. ती हातानेच शिवायची की मशीन चालेल? अंथरायची की भिंतीवर टांगायची? दुसरा प्रश्न अमेरिकेत कधीच मागे पडला. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या क्विल्ट, म्हणजे तिथल्या गोधड्या, चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. १९७९ मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी, दुभत्या जनावरांच्या जुन्या गोठ्यात, ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झालं. आता वाघ, घुबड, गेंडे, मासे या भिंतींवर सर्रास दिसतात. सुझन कार्लसन यांची कापडी मगर तर २० फुटांहून लांब आहे.

आपल्याकडेही गोधडीवर प्राणी यावेत असं मला मनापासून वाटतं. पण अमेरिकेतली पद्धत जशीच्या तशी उचलू नये, असंही तितकंच ठामपणे वाटतं.

तिथली रूढ पद्धत अशी. एका बाजूने उजेड पडलेला फोटो निवडायचा. तो कृष्णधवल करून पाच-सहा छटांत तोडायचा, हव्या त्या मापात मोठा करायचा आणि प्रत्येक छटेचा तुकडा कापडातून कापायचा. तुकड्याच्या पाठीला फ्युजिबल वेब, म्हणजे इस्त्रीने वितळणारी गोंदाची जाळी, लावतात. आकृती कापडाच्या उलट बाजूला उतरत असल्याने नमुना आरशातल्यासारखा उलटा काढावा लागतो; ते विसरलं की वाघ उजवीऐवजी डावीकडे बघतो. इस्त्री फार वेळ ठेवली तर गोंद कापडात मुरतो आणि पुढे चिकटतच नाही. मागचा कान आधी, चेहरा नंतर, अशा क्रमाने तुकडे तीन-चार मिलिमीटर एकमेकांवर चढवायचे. नाहीतर शिवताना फटी उघडतात.

यातल्या दोन गोष्टी जरूर शिकाव्यात. पहिली, रंगापेक्षा छटा महत्त्वाची. निवडलेली कापडं ओळीने मांडून मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढा. जी दोन कापडं त्यात सारखी दिसतील ती शेजारी लावली तर नाक आणि गाल एक होऊन जातात. छटा जुळली तर वाघ निळा-जांभळा केला तरी तो वाघच दिसतो. दुसरी गोष्ट डोळा. सुरुवात तिथूनच करावी, कारण डोळा फसला तर बाकीची मेहनत वाया जाते. बाहुलीत दोन-तीन मिलिमीटरचा पांढरा ठिपका घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी हवा, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. मधोमध बसवला तर प्राणी दचकलेला दिसतो. वरच्या पापणीची गडद पट्टी बाहुलीवर थोडी चढवली की नजर शांत होते.

माझा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे. गोंदाचे चार-पाच थर, त्यावर मशीनचे कापड सरकवणारे दात खाली करून केसाकेसाची दाट शिलाई. फोटोत हे डोळे दिपवतं, पण हातात घेतलं तर पुठ्ठा. शिवाय दाट शिलाईने कापड आक्रसतं. प्राणी घट्ट आणि पार्श्वभूमी सैल राहिली की कडा लाटांसारख्या हलतात. म्हणून तिथले कारागीर चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर कापड जास्त ठेवतात, पार्श्वभूमीही तितकीच दाट शिवतात आणि शेवटी ओली करून, टाचण्या मारून सपाट वाळवतात.

गोधडीला एवढ्या उपद्व्यापाची गरज नाही. तिचा धावदोरा जिथे जातो तिथे खळगी पडते आणि दोन ओळींच्या मधे कापड फुगतं. हा उठाव म्हणजेच प्राण्याचं अंग. भीमाशंकरचं शेकरू घ्या. पाठीला तपकिरी लाल सुती लुगडं, पोटाला धुऊन मऊ झालेलं पिवळट धोतर, शेपटीला टोकाकडे फिकट होत जाणारे तुकडे. कडा आत दुमडून हातानेच टाचा, गोंद नको. मग टाक्यांच्या ओळी केसांच्या दिशेने न्या: नाकावर टाके बारीक आणि ओळी जवळ, मानेपासून पाठीवर लांब, शेपटीवर बाहेर फाकणाऱ्या. अंगावर ओळींत पाऊण सेंटिमीटर, पार्श्वभूमीत दीड, एवढ्या फरकाने प्राणी वेगळा उठून दिसतो. खणाची बारीक नक्षी लांबून पिसांसारखी किंवा खवल्यांसारखी दिसते, पण त्याचे धागे फार सुटतात, म्हणून दुमड जास्त ठेवा. सिंथेटिक साडी सुती कापडाच्या इस्त्रीखाली वितळते. पैठणीचा विणलेला मोर कापून चिकटवण्याचा मोह टाळावा. तो विणकराचा मोर आहे.

एका बाबतीत मात्र परंपरा सोडावी लागेल. गोधडी बहुधा काठापासून आत शिवत नेतात. कर्नाटकातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंद ही गोधडीही तशीच होते. मधे प्राणी असेल तर सगळं सैल कापड सरकत त्याच्या अंगावर गोळा होतं आणि सुरकुत्या पडतात. आधी दहा-दहा सेंटिमीटरवर कच्चा दोरा घाला, मग प्राणी शिवा, आणि तिथून बाहेर काठाकडे या.

हात की मशीन या वादात अमेरिकेतल्या प्रदर्शनांचे दोन नियम अजून बोललेच जात नाहीत. फोटो दुसऱ्याचा असेल तर त्याची लेखी परवानगी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ताडोबाचा वाघ कुणीतरी उन्हात बसून टिपलेला असतो. आणि तुकडे जोडणारी एक, थर शिवणारी दुसरी असेल तर पाटीवर दोघींची नावं येतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलमधल्या गोष्टी प्राण्यांसकट कापडावर उतरवल्या. मागितले होते दहा डॉलर, मिळाले पाच. तरी ती क्विल्ट आज स्मिथसोनियनमध्ये त्यांच्या नावाने आहे, कारण विकत घेणाऱ्या बाईंनी प्रत्येक चित्राचा पॉवर्स यांनी सांगितलेला अर्थ लिहून ठेवला. आपल्याकडे गोधडीच्या ब्रँडचं नाव ठळक असतं आणि टाका घालणारी ‘गावातल्या महिला’ या दोन शब्दांत संपते. मागच्या बाजूला दहा सेंटिमीटरची कापडी पट्टी लावून तिचं नाव, गाव आणि साल दोऱ्याने लिहायला अर्धा तास पुरतो. ते नाव नसलेली गोधडी प्रदर्शनात घेऊच नये.