‘पंचेचाळिशीनंतर नवं शिकता येत नाही’ या मेसेजबद्दल खुलासा

वाळूज-चिकलठाण्याच्या कामगार ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मराठवाड्यातले पंचेचाळिशीपुढचे कर्मचारी नवं तंत्रज्ञान स्वीकारतच नाहीत, हे म्हणे संशोधनाने सिद्ध झालंय. कुठल्या संशोधनाने, ते त्यात नाही.

या विषयात ज्याचा आधार नेहमी घेतला जातो, तो संशोधक व्यंकटेश आणि सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यास वेगळंच सांगतो. वयाने फरक पडतो, हे खरं. पण तो असा, की चांगलं साधन आणि अडल्यावर मदतीला माणूस, या सोयींचा परिणाम वयस्कर, अनुभवी कर्मचाऱ्यांवर जास्त दिसतो. मानसशास्त्रज्ञ आयझेनबर्गर यांच्या १९९० च्या अभ्यासात तर, संस्थेला आपली काळजी आहे असं वाटणारे लोक बक्षिसाची आशा नसतानाही सुधारणा सुचवत होते.

आपल्याकडचंच बघा. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, तेव्हाही ‘यांना जमत नाही’ असं बोललं गेलं. त्यांची तक्रार होती, फोन बंद पडतात आणि पोषण ट्रॅकर हे माहिती भरायचं सरकारी ॲप मराठीत नाही. ही शिकायची टाळाटाळ नव्हे. अशा बायांना अडाणी ठरवणं मला फार लागतं.

या मेसेजमुळे प्रशिक्षणाच्या यादीतून आधी जुन्या माणसांची नावं कापली जातील, ही खरी भीती आहे. म्हणून तो कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.