एन्डेमिक झालं म्हणजे सुटलो, असं कुणी सांगितलं?

"कोरोना आता एन्डेमिक झालाय, काही टेन्शन नाही." हे वाक्य मेडिकलच्या काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की शेवटी आज लिहायला बसलो. एन्डेमिक झालं म्हणजे आजार नरमला, हा समज कुठून पसरला कुणास ठाऊक. पॅन्डेमिक, एपिडेमिक, एन्डेमिक या तिन्हींचा आजार किती जहाल आहे याच्याशी काही संबंध नाही. तो कुठे आहे, किती पसरलाय आणि तिथे एरवी किती असतो, एवढंच त्यातून कळतं.

एखाद्या भागात एखाद्या आजाराचे रुग्ण वर्षानुवर्षं थोड्याफार फरकाने निघतच राहतात, तो तिथला एन्डेमिक. त्या भागात, त्या हंगामात जेवढे अपेक्षित असतात त्याहून रुग्ण एकदम वाढले की एपिडेमिक, म्हणजे आपली साथ. ती देश, खंड ओलांडून जगभर गेली की पॅन्डेमिक. म्हणून जिथे आजार नव्हताच तिथे दोन-चार रुग्ण सापडले तरी साथ म्हणतात, आणि जिथे मुरलाय तिथे शेकडो असले तरी कागदावर 'नेहमीप्रमाणे'. माझं सगळं दुखणं या 'नेहमीप्रमाणे'वर आहे.

1994 आठवा. ऑगस्टच्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठीचे रुग्ण निघाले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ओस पडलेली घरं, साठवलेलं धान्य आणि त्यावर माजलेले उंदीर असं एक कारण तज्ज्ञांनी मांडलं होतं. पुढे सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग निघाला आणि माणसं शहर सोडून पळाली. टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचं औषध दुकानांतून गायब झालं, परदेशांनी विमानं थांबवली, निर्यात अडकली. साथ म्हणतात ती ही. मृत्यूंचा अधिकृत आकडा मात्र 60 च्या आत राहिला. आता क्षयरोग घ्या. आपल्या देशात टीबीने वर्षाला 3 लाखांच्या आसपास माणसं जातात. त्यासाठी कुणी विमान थांबवलेलं ऐकलंय? प्लेगला घाबरले ते चूक, असं मी म्हणत नाही. घाबरले म्हणूनच यंत्रणा धावली. टीबीला कुणी घाबरतच नाही, कारण तो कायमचाच घरातला.

आजार या खान्यातून त्या खान्यात कसा सरकतो, हे बघायला लांब जायला नको. 1973 साली आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. नंतर तीसेक वर्षं तो जवळपास गायबच. 2005 च्या शेवटी पुन्हा उगवला आणि 2006 मध्ये देशात 13 लाखांवर संशयित रुग्ण झाले. मराठवाड्यातही माणसं भिंतीला धरून चालत होती, आणि चिकन खाल्ल्याने होतो म्हणून कित्येकांनी कोंबडी सोडली होती (नावाचा दोष, दुसरं काय). आता तो दर पावसाळ्यानंतर येतो, सांधे धरून जातो, आणि बातमी होत नाही. स्वाइन फ्लूचंही तेच. जून 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पॅन्डेमिक जाहीर केली, मास्कसाठी रांगा लागल्या. तोच विषाणू आज हंगामी फ्लू म्हणून फिरतो आणि अजूनही माणसं नेतो. कोरोनाबाबतसुद्धा 5 मे 2023 ला संघटनेने आणीबाणी संपल्याचं सांगितलं. विषाणू गेला असं कुणीच सांगितलेलं नाही.

लातूर, नांदेड, धाराशिव हे हत्तीरोगाचे जिल्हे म्हणून सरकारदरबारी नोंदलेले आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? गोळ्या खाऊ घालायची मोहीम येते. आशाताई दारात उभ्या राहतात, "माझ्यासमोरच खायची" म्हणतात, आणि घरातून उत्तर येतं, "मला काय झालंय म्हनून खाऊ?" वरवर बिनतोड वाटतं. पण हत्तीरोगाचे जंतू अंगात असले तरी पाय सुजायला वर्षं जातात. रक्तात ते रात्रीच सापडतात, म्हणून तपासणीची माणसं झोपायच्या वेळेला येतात आणि लोक त्यांच्यावरच खेकसतात.

पण माझ्या दुकानाला सगळ्यात जास्त ओळखीचा आजार म्हणजे डेंग्यू. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की फळांच्या गाड्यावर किवी दिसायला लागतात, तेवढ्यावरून मी हंगाम ओळखतो. मग चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि एकच प्रश्न: "भाऊ, पेशी किती असाव्या लागतात?" रक्तातल्या या पेशी (प्लेटलेट) वाढाव्यात म्हणून किवी, पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, शेजाऱ्याने सांगितलेलं इंजेक्शन. ताप उतरला म्हणून माणूस निवांत होतो, आणि खरा धोका नेमका ताप उतरतानाच्या दोन दिवसांत असतो, हे कुणी त्याला सांगितलेलं नसतं. पोट दुखायला लागलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं की पेशींचा आकडा बघत न बसता दवाखाना गाठावा. आणि तापाला ब्रुफेन मागू नका. ॲस्पिरिन तर नकोच. पॅरासिटामॉल पुरतं.

डेंग्यू आपल्याकडे मुक्कामाला का राहिला, याचं उत्तर आपल्या नळात आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते जगाने पाहिलं. त्याआधी आणि त्यानंतरही मराठवाड्यातल्या कित्येक शहरांत नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो, ते कुणी बघत नाही. मग माणूस करणार काय? हौद, सिंटेक्स, रांजण, निळे ड्रम, शेवटी तेलाचे डबेसुद्धा भरून ठेवणार. अंड्यातून डास व्हायला लागतात साधारण सात ते दहा दिवस. म्हणजे पुढचं पाणी येईपर्यंत डासाची एक पिढी आपल्या ड्रममध्ये आरामात तयार.

वरून भिंतीवर रंगवलेलं असतं: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. ज्याला दहाव्या दिवशी पाणी मिळतं त्याने सातव्या दिवशी भरलेला हौद ओतून द्यायचा? धूरफवारणीची गाडी गल्लीतून जाते, फोटो निघतो. धुराने उडते डास मरतात, ड्रममधल्या अळीला त्याचं काही नाही.

यावर "आता हे चालायचंच" म्हणणाऱ्यांना मी नारूची आठवण देतो. जुन्या माणसांना विचारा. बारवेत उतरून पाणी भरायचं, तेच प्यायचं, आणि वर्षभराने पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. पक्का एन्डेमिक. त्यावर ना लस होती ना औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हापसे बसवले, पाणी गाळून प्यायला शिकवलं, पाण्यात ॲबेट हे कीटकनाशक टाकलं. 1996 नंतर देशात एकही रुग्ण नाही, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाण्याची सोय लावली आणि मुरलेला आजार गेला.

डेंग्यूला चार विषाणू आहेत, डास शहरी आहे, काम नारूपेक्षा अवघड आहे, मान्य. पण दिवसाआड नळ आला तर निम्मे ड्रम आपोआप रिकामे होतील, याला कुठल्या संशोधनाची गरज नाही. डेंग्यूचे आकडे आरोग्य खात्याच्या बैठकीत वाचले जातात, ते पाणीपुरवठ्याच्या बैठकीतही वाचायला हवेत.

तोवर आपल्या हातातलं: ड्रमवर नुसतं झाकण ठेवू नका, फटीतून डास जातो, जुनं धोतर किंवा साडी ताणून बांधा. रिकामा झालेला हौद ब्रशने घासूनच भरा, कारण अंडी भिंतीला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. मोठ्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, बहुतेक ठिकाणी फुकट देतात.